मशीन लावलं तर अब्बा चालतील का?

हा प्रश्न आम्हाला अलीकडे वारंवार विचारला जातो. कधी परळ-लालबागच्या चाळीतून, कधी भायखळा-मदनपुऱ्यातून, कधी कोकणातल्या गावाहून उपचारासाठी मुंबईत आलेल्या कुटुंबाकडून. घरातल्या वडीलधाऱ्याला लकवा मारलेला असतो, इस्पितळातून नुकतेच घरी आणलेले असते आणि कोणीतरी सांगते की अमुक मोठ्या खाजगी रुग्णालयात रोबोट आला आहे, तो माणसाला चालवतो. मग घरात मसलत बसते. कोणी म्हणते कर्ज काढू, सून म्हणते माझ्या बांगड्या मोडा. बांगड्या मोडण्याआधी हे यंत्र नेमके काय करते ते समजून घेतलेले बरे.

रोबोट म्हटले की डोळ्यांपुढे सिनेमातला लोखंडी माणूस येतो. इथे तसे काही नसते. पायाच्या यंत्रात रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून धरतात, खाली ट्रेडमिल सरकत असते आणि दोन्ही पायांना बांधलेले मोटरचे सांगाडे मांडी-गुडघा पावलामागून पाऊल हलवतात. स्वित्झर्लंडचे लोकोमॅट हे त्यातले जास्त ऐकू येणारे नाव. हाताच्या यंत्रात रुग्ण एक दांडा धरून पडद्यावरचा ठिपका इकडून तिकडे नेतो; हात अडला तर यंत्र ढकलते, हात चालला तर गप्प राहते. आपल्याकडे आयआयटी मद्रास आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून हातासाठी ‘प्लूटो’ नावाचे टेबलावर मावणारे यंत्र तयार केले आहे.

या सगळ्यांचे काम एकच: तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेणे. लकव्यात मेंदूचा जो भाग मरतो तो परत येत नाही, पण शेजारचे भाग त्याचे काम थोडे थोडे शिकू शकतात. आणि शिकण्यासाठी गिरवावे लागते, जसे मदरशात सबक गिरवतो. अमेरिका आणि कॅनडात थेरपीची ३१२ सत्रे शेजारी बसून मोजली गेली. एका सत्रात रुग्णाच्या हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ आणि पावले सरासरी ३५७ भरली. प्रयोगशाळेत प्राण्यांचा मेंदू शिकतो तो शेकडो वेळा गिरवल्यावर. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, त्याची पाठ दुखत नाही. त्याचा खरा गुण तेवढाच आहे.

मग फायदा होतो का? इथे हात आणि पाय वेगळे धरावे लागतात. ब्रिटनमध्ये हात अशक्त झालेल्या ७७० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटाला १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटे यंत्रावर बसवले. दुसऱ्याला तेवढाच वेळ थेरपिस्टने कामाचा सराव दिला. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. हात वापरण्याच्या बाबतीत यंत्राचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. पायाचे चित्र जरा बरे आहे. कोक्रेन या नावाजलेल्या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा यंत्र आणि फिजिओथेरपी दोन्ही मिळालेल्या दर आठ रुग्णांमागे अंदाजे एक जण जास्त स्वतःच्या पायावर चालू लागला असे दिसले. हा फायदा मुख्यतः ज्यांना अजिबात चालता येत नव्हते आणि ज्यांच्या आजाराला तीन महिने झाले नव्हते अशांना झाला.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. अब्बा आधाराने का होईना घरात चालत असतील, किंवा आजाराला वर्ष उलटले असेल, तर पायाच्या यंत्रासाठी सोने मोडू नये. पहिल्या तीन महिन्यांत ते उभेच राहू शकत नसतील आणि डॉक्टर स्वतः सुचवत असतील, तर विचार जरूर करावा. पण पॅकेज घेण्याआधी विचारावे: यंत्राखेरीज थेरपिस्ट रोज किती वेळ देणार? दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर उरलेले पैसे परत मिळणार का? आणि जिन्याचे काय?

हा जिन्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम काढतो. ट्रेडमिल सपाट असते. लालबागच्या चाळीचा जिना सपाट नसतो, आणि जुन्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असतो. अब्बांची खरी परीक्षा तिथे आहे. थेरपिस्टला घराचा नकाशा सांगावा, शक्य तर मोबाइलवर जिन्याचा फोटो दाखवावा आणि त्याचाच सराव मागावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी, हे सगळ्या घराने पाठ करावे.

तसेच अब्बांना स्वतःला काय हवे ते विचारावे. उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवताना जी शरम वाटते ती घरच्यांना कळत नाही. कोणाला स्वतःच्या हाताने वुजू करायचा असतो, कोणाला सदऱ्याचे बटण लावायचे असते. सराव त्याच कामाचा व्हावा. एक साधा आरसाही कामाचा आहे: तो दोन्ही हातांच्या मध्ये उभा धरून चांगला हात हलवायचा आणि प्रतिबिंबात पाहायचे, जणू दुबळा हातच हलतो आहे. यालाही अभ्यासांचा आधार आहे. पद्धत मात्र एकदा थेरपिस्टकडून शिकून घ्यावी.

आणि कृपा करून रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा दुबळा हात धरून ओढू नका. खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो.

घरच्यांनी शिकून घेतले म्हणजे थेरपिस्टची गरज संपली, असेही नाही. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर हे तपासले गेले. घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत सहा महिन्यांनी सारखेच, म्हणजे ४७ टक्के रुग्ण मरण पावले होते किंवा परावलंबी होते. माया हवीच, पण हात तयार असलेला माणूसही हवा. तो फुकट किंवा अगदी थोड्या पैशात मिळण्याची जागा मुंबईत आहे. परळचे केईएम सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही विभाग आहेत. त्याहून कमी ठाऊक आहे ती हाजी अलीजवळ केशवराव खाडये मार्गावरची केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. १९५५ पासून ती हेच काम करते आहे. दर्ग्याला येणारे किती लोक तिच्या जवळून जातात! तिथे व्यायाम, हाताचे काम, बोलण्याचा सराव आणि पायाला लागणारे पट्टे या सगळ्याची सोय एका आवारात आहे. रांग असते, सकाळी लवकर जावे, इस्पितळाचे कागद आणि सीटीस्कॅनच्या फिल्म सोबत न्याव्यात.

अम्मी किंवा दादी आजारी असेल तर आणखी एक. यंत्राचे पट्टे मांड्यांना, कमरेला आवळून बांधतात, आणि हाताने दिलेल्या व्यायामातही अंगाला हात लागतोच. कित्येक बायका संकोचाने दुसऱ्या दिवसापासून जाणे सोडतात आणि घरचे समजतात की त्यांनी हिंमत हरली. फिजिओथेरपीत मुलींची संख्या मोठी आहे. बाई थेरपिस्ट हवी, हे वेळ घेतानाच सांगावे. पहिल्या दिवशी सैल सलवार-कमीज घालून न्यावे आणि पडदा ओढून घ्यायला सांगण्यात लाज वाटू देऊ नये.