आधी ऐकून घ्या

दिल्लीच्या रिजवर हिंदूराव रुग्णालय आहे. नाव कागलच्या हिंदूराव घाटग्यांचं. बायजाबाई शिंद्यांचे हे भाऊ. 1857 साली त्यांचा बंगला इंग्रजांचं मोक्याचं ठाणं होता. आज तिथे महापालिकेचं रुग्णालय आहे, 2013 पासून वैद्यकीय महाविद्यालयही. नाव मराठी असलं, तरी रुग्ण येतो तो बुराडीची नाहीतर बिहारची हिंदी बोलत.

अशा ओपीडीत एखादी बाई म्हणते, "जी घबराता है." शिकाऊ डॉक्टरने तिला तिथेच तोडलं, की केसपेपरवर 'गॅस' येतो आणि गोळी लिहून होते. तो जरा थांबला, तर बाई पुढे सांगते: जिना चढला की होतं, बसलं की थांबतं, डावा हात भरून येतो. हृदयाचं दुखणं त्या पुढच्या वाक्यात असतं.

वेळ नाही, ही तक्रार खरीच आहे. 67 देशांतल्या अभ्यासांचा आढावा 2017 साली निघाला. त्यात भारतातली भेट जेमतेम दोन-अडीच मिनिटांची. पण 1984 सालचा एक अमेरिकी अभ्यास फार बोलका आहे. तिथे डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाला अडवत होते. ज्यांना अडवलं नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांचं सांगणं मिनिटभरात आटोपलं. म्हणजे आपल्या दोन मिनिटांतही ते मिनिट बसतं.

2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं शिक्षण सक्तीचं झालं. हे फार चांगलं झालं. पण परीक्षेतली 'लाँग केस' बघा. विद्यार्थी रुग्णापाशी एकटा बसून हिस्ट्री घेतो, परीक्षक बहुधा नंतर येतात आणि निदान विचारतात. पोराने रुग्णाला कुठे तोडलं, म्हातारीला ऐकू येत नव्हतं तेव्हा तो खाली वाकला का, ती रडू लागली तेव्हा त्याने काय केलं, हे कुणी पाहिलेलंच नसतं. ज्याला मार्क नाहीत ते पोरं मागे टाकतात. त्यांना दोष कसा द्यावा? वॉर्डात तरी ती दुसरं काय बघतात? सीनियर उभ्याउभ्याच विचारतो, तीही तसंच विचारू लागतात.

परीक्षकांनी पाच मिनिटं आधी यावं, खाटेशेजारी स्टूल ओढून बसावं आणि ऐकण्याला मार्क द्यावेत. हिंदूरावपासून केईएमपर्यंत, येत्या परीक्षेपासूनच.