हक्क विद्यार्थ्याचा, पालकांचा नव्हे

आईवडील अमेरिकेचे नागरिक नसतील, तर मुलांनी तिथल्या शिक्षणसाहाय्यावर हक्क सांगू नये, हे मागील अंकातील पत्राचे म्हणणे मुळातच चुकीचे आहे. कायदा विद्यार्थ्याचे नागरिकत्व पाहतो, पालकांचे नाही. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरील दांपत्याचे न्यू जर्सीत जन्मलेले मूल पेल या संघीय शिक्षण-अनुदानासाठी इतर कोणत्याही नागरिकाइतकेच अर्ज करू शकते. अडते ते कागदांत. 2024-25 च्या 'फाफ्सा' या संघीय मदतीच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकांना आपला भाग भरताच येईना, आणि नागरिक असलेली मुले खोळंबली. पालकांनी नागरिकत्व घेतल्यामुळे आपोआप नागरिक झालेल्या मुलाची सोशल सिक्युरिटीच्या दप्तरातली जुनी नोंद तशीच राहिली असेल, तर अर्जावर शेरा पडतो आणि पासपोर्ट घेऊन कॉलेजचे कार्यालय गाठावे लागते. जिथे आधी येणाऱ्याला आधी पैसा मिळतो, तिथे हा उशीर म्हणजे नकारच!

लबाडी रोखायला पडताळणी हवी, हे मान्य. पण ती चालू असताना अर्जाची मूळ तारीख राखून ठेवायला काय हरकत आहे? एच-4 या आश्रित व्हिसावरील, म्हणजे एच-1बीधारकांच्या, नागरिक नसलेल्या मुलांचे दुखणे याहून मोठे आहे: बालपणापासून तिथे शिकूनही संघीय मदत नाही, आणि 21 व्या वर्षी तो व्हिसाही संपतो. पालकांच्या ग्रीनकार्डची रांग लांबली, यात त्यांचा दोष काय? तूर्त, तिथल्या मराठी पालकांनी मूल नागरिक होताच सोशल सिक्युरिटी कार्यालयातील नोंद बदलून घ्यावी. कॉलेजप्रवेशाची वाट पाहू नये.