जादा वाट ही चैन नव्हे

महासंगणकाचे नाव निघाले की आपण पहिला प्रश्न विचारतो, वेग किती? माझ्या मते पहिला प्रश्न हवा, वाटा किती? हजार प्रोसेसर एकच गणित वाटून घेतात, तेव्हा ते सतत एकमेकांना निरोप पाठवत असतात. मधला एक स्विच बिघडून निरोप अडकला, तर बाकीच्यांचा वेग काय कामाचा?

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर चिपला शेजाऱ्यांशी जोडायला चार दुवे होते. ओमेगा नावाच्या जाळ्यात मात्र काटकसर असते. ८ प्रोसेसरांसाठी स्विचांच्या ३ रांगा, रांगेत ४, एकूण १२. आणि कोणत्याही दोघांमध्ये वाट एकच. १९८२ मध्ये अ‍ॅडम्स आणि सीगल या संशोधकांनी अशाच जातीच्या जाळ्याला एक जादा रांग जोडून प्रत्येक जोडीला दोन वाटा दिल्या. कोणी म्हणेल, १२ चे १६ झाले, खर्च केवढा! पण १०२४ प्रोसेसर घ्या. तिथे १० रांगांच्या फक्त ११ होतात. जाळे जितके मोठे, तितकी ही रांग स्वस्त.

पण दोन वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. सुट्टीत मी लखनौला विकास नगरात घरी असतो. चारबाग स्टेशनला जायला गोमती ओलांडावी लागते. निशातगंजचा पूल तुंबला तर बाबा हनुमान सेतूवरून स्कूटर काढतात. मात्र पाइपासाठी आमची गल्लीच खणली, तर गोमतीवर कितीही पूल असोत, स्कूटर दारातच! जाळ्यातही दोन्ही वाटा पहिल्या आणि शेवटच्या स्विचपाशी एकत्र येतात. म्हणून त्या दोघांनी तिथे स्विचला वगळून जाणारा बायपास ठेवला. मला त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत आवडतो.

आता आपले हाउस बघा. निरोप कॅप्टनकडून सेक्शनच्या एका कॅडेटकडे, त्याच्याकडून बाकीच्यांकडे. तो सिकरूममध्ये असला की फॉल-इनची बदललेली वेळ खालच्या ८ जणांना कळत नाही, आणि शिक्षा मात्र त्या ८ जणांनाच. हे मला अन्यायाचे वाटते. प्रत्येक सेक्शनला दुसरा निरोप्या नेमावा, तोही दुसऱ्या खोलीतला. एका खोलीतले दोघे एकदमच तापाने पडतात, हे गेल्या पावसाळ्यात सर्वांनी पाहिले आहे. आणि आठवड्यातून एक दिवस निरोप त्याच्याच मार्फत जावा. नाहीतर गरज पडेल त्या दिवशी त्याला नावांची यादीच सापडायची नाही.