पगारातले दोनशे रुपये

महाराष्ट्रात नोकरी लागली की पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपयांची एक कपात दिसते, फेब्रुवारीत ३०० ची. नाव व्यवसाय कर. वर्षाचे झाले २५००. आपले सर, मॅडम, ऑफिसातले क्लार्क वर्षानुवर्षे तो भरतात. पण हा कर आला कशासाठी, हे होस्टेलवर विचारलं तर कुणालाच सांगता येईना.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडून, पाझर तलाव खोदून जगली. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला राबवून पाहिली होती. तीच राज्याची रोजगार हमी योजना झाली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला. या करातून जेवढे जमतील तेवढेच शासनाने घालायचे, असं ठरलं. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

मेसमध्ये वाद निघतो, ‘माझी कमाई, सरकारने हात का घालावा? कर म्हणजे स्वातंत्र्यावर घाला!’ मी विचारतो, कुणाच्या स्वातंत्र्यावर? आपल्या जिल्ह्यात गंगाखेड, पालम, जिंतूरच्या वाड्या-तांड्यांवरून जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल फिटेपर्यंत ‘नाही’ म्हणायची सोय नाही. गावातच काम मिळालं तर तो माणूस मुकादमाला नाही म्हणू शकतो. माझ्या मते स्वातंत्र्य म्हणतात ते हेच, आणि ते सरकारशिवाय त्याला मिळत नाही.

मग कर न्याय्य आहे का? तिथे मात्र गडबड आहे. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे व्यवसाय कर वर्षाला २५०० च्या वर नेता येत नाही. ही मर्यादा १९८८ ची. महिना १५ हजारवाला साधारण १.४ टक्के भरतो, महिना ५ लाखवाला ०.०४ टक्के! वारसा संपत्तीवरचा कर १९८५ ला गेला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये गेला. आणि ‘गरीब कर भरत नाही’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की मजुराच्या मोबाईल रिचार्जवर कारखानदाराइतकाच १८ टक्के जीएसटी आहे.

म्हणून माझं म्हणणं, कर रद्द करू नका, ज्याची ऐपत मोठी त्याचा वाटा मोठा करा. पैसा कुठे गेला याचा हिशेबही मागा. मस्टरवर खोटी नावं चढली की करही वाया आणि मजूरही उपाशी.

सिव्हिलच्या मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या ज्युनिअर इंजिनिअर व्हाल. रोजगार हमीची मजुरी मोजमापावर ठरते. टेप तुमच्या हातात असेल. तेवढं मोजमाप वेळेवर आणि खरं करा.