चार हातांतून फिरलेला थर्मामीटर

काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर फी घेऊन आला, पण अट घालून. वस्तीत पाय ठेवणार नाही. बाईला बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोला लावला. परत त्याच वाटेनं डॉक्टरकडं. दिव्याच्या उजेडात बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. अंगाला हात लावला न्हाई. बाई मेली.

हे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापलं गेलं. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त घेतलं. त्याच लिखाणात आमच्या उंब्रजशेजारचं मसूर स्टेशन आहे. १९०१ साली तिथं उतरलेली पोरं महाराची आहेत कळल्यावर स्टेशनमास्तर खोलीत निघून गेला, आणि दुप्पट भाडं देऊन पोरांना गाडी स्वतःच हाकावी लागली.

म्हंजे यंत्र होतं. बिघडलेलं नव्हतं. दोस्तहो, आज 'कमी संसाधनांच्या प्रदेशासाठी स्वस्त यंत्रं' म्हणून एसी हॉलात परिषदा भरतात, तेव्हा मला तो थर्मामीटर आठवतो. कमी संसाधनं कुठं? उंब्रजला कृष्णा हाय, तारळी हाय, हायवे गावातनं जातो, चहूकडं ऊस. कमी हाय ते वाटप.

२०२१ च्या लाटेत माझ्या बापाच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. ९४ आला. घरी जा म्हणाले. रात्री आप्पाला एक वाक्य पुरं बोलवेना. आईनं त्याची छाती वरखाली होताना बघितली आणि तिनंच आरडाओरडा केला, म्हणून आप्पा आज हाय.

हा चिमटा बोटातनं उजेड पाठवतो आणि रक्तात ऑक्सिजन किती ते ओळखतो. पण कातडीचा काळा रंगही उजेड गिळतो. गोऱ्या बोटांवर बेतलेलं यंत्र काळ्या बोटावर जास्तीचा आकडा दाखवू शकतं. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात ९२ ते ९६ आकडा आलेल्या काळ्या रोग्यांपैकी जवळजवळ १२ टक्क्यांचा ऑक्सिजन खरा ८८ च्या खाली होता. गोऱ्यांत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्याही आत. आणि ही गोष्ट नवी न्हाई, १९९० सालीच छापून आली होती. तीस वर्षं कुणाला घाई नव्हती! आप्पाच्या बाबतीत रंगानंच घात केला असं मी छातीठोक म्हणत न्हाई. पण उन्हात रापलेल्या, भेगाळलेल्या मजुराच्या बोटावर ते कधी तपासलं होतं का, हे मी विचारणार. गोदीत आम्ही यंत्रांची खोकी उतरवतो, तेव्हा खोकं जपा म्हणून मुकादम बोंबलतो. आमची बोटं कोण जपतं?

आता दुसरं यंत्र बघा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी लेकरांचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजायचं साधन काढलं. १९९२ साली ते वैद्यकीय मासिकात छापून आलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत न्हाई, पण दहापर्यंत येतं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० च्या वर, त्याच्या पुढच्या लेकराचे ५० च्या वर गेले, तर धोका.

काठेवाडात डॉक्टर दिवा धरून लांब उभा होता. इथं तो आजार ओळखायचा अधिकार सुईणीच्या हातात आला, आणि तिला लेकराजवळ बसून मिनिटभर उघड्या छातीकडं बघावंच लागतं. गावोगाव नाळ कापायचं काम आमच्याच आयाबायांच्या गळ्यात बांधून, त्यांचाच विटाळ मानत आलेत. त्या बाईला ह्या मण्यांनी शहाणी धरलं.

पण जास्त हुरळू नका. २०११ पासून घरोघरी बाळ तपासायला सरकारनं आशाताईंना लावलं ते ह्याच गडचिरोलीच्या धड्यावर, आणि त्यांना पगार न देता 'स्वयंसेविका' म्हणून मानधनावर राबवलं. यंत्र स्वस्त केलं, सोबत बाईही स्वस्त केली.

म्हणून माझं म्हणणं साधं हाय. जिल्हा परिषद ऑक्सिमीटर घेईल तेव्हा ते ऊसतोड्याच्या, हमालाच्या, वडाराच्या बोटावर तपासून घ्यावेत, आणि निकाल आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत लावावा. आकडा कितीही चांगला येवो, श्वास मिनिटभर मोजल्याशिवाय कुणाला घरी पाठवू नये. पुढच्या ग्रामसभेत मी हे लिहून देणार हाय. उंब्रज-मसूरच्या पोरांनी सह्या करायला यावं.