घर दाखवता, आवाजही दाखवा

सुखोई या लढाऊ विमानांची जोडी लोहगावच्या हवाई तळाच्या धावपट्टीवरून पाठोपाठ सुटली की पुण्याच्या या टोकाला बोलणे थांबते. सरकत्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, खाली उभ्या गाड्यांचे अलार्म बोंबलू लागतात. वर्गात बाई खडू हातात धरून थांबतात. विमान गेले की वाक्य पुरे होते.

प्रवासी विमानाच्या इंजिनातला मोठा पंखा बरीचशी हवा गाभ्याबाहेरून, तुलनेने सावकाश मागे लोटतो. लढाऊ विमानाचा झोत अरुंद आणि कमालीचा वेगवान असतो, म्हणून त्याचा आवाजही मोठा. त्यात उड्डाणाच्या वेळी आफ्टरबर्नरमध्ये जादा इंधन जाळतात. सुखोईला अशी दोन इंजिने आहेत आणि प्रत्येकाचा जोर सुमारे १२.५ टन.

याबद्दल हवाई दलाला दोष देण्यात अर्थ नाही. तळ १९३९चा, सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झाले तेही इथेच, २००२ मध्ये. सोसायट्यांची गर्दी झाली ती मागाहून. प्रश्न आहे तो या सोसायट्यांना परवानगी देणाऱ्यांना आणि तिथली घरे विकणाऱ्यांना.

‘विमानतळ दहा मिनिटांवर’ ही जाहिरातीतली जमेची बाजू. इमारतीच्या उंचीसाठी ना-हरकत दाखला लागतो. आवाजाबद्दल मात्र गिऱ्हाइकाला कोणी चकार शब्द सांगत नाही. नियमांचा आधारही तोकडा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतली सरासरी. कानठळ्या बसवणाऱ्या काही सेकंदांसाठी त्यात वेगळी मर्यादा नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया बीच शहराला नौदलाच्या ओशियाना तळाचा असाच शेजार आहे. त्या राज्यात लष्करी विमानतळाच्या ध्वनिपट्ट्यातले घर विकताना किंवा भाड्याने देताना तसे लेखी सांगावे लागते. न सांगितल्यास भाडेकरूला पहिल्या तीस दिवसांत करार मोडता येतो. जपानने तर १९७४च्या कायद्याने तळांभोवतीच्या घरांना आवाजरोधक बांधणीसाठी सरकारी पैसा दिला.

इथे तेवढ्या खर्चाचीही गरज नाही. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या संकेतस्थळावर विकासकाला प्रकल्पाचे मंजूर नकाशे, परवानग्या, कोर्टकज्जे दाखवावेच लागतात. त्यात आवाजाची एक ओळ वाढवावी. महापालिकेने हवाई दलाशी बोलून ध्वनिपट्टा आखावा. कोणते विमान कधी उडणार हे गुपित त्यासाठी फोडावे लागत नाही, जमिनीवरचा आवाज मोजला तरी पुरे. त्या पट्ट्यातल्या नव्या शाळा, दवाखाने आणि घरांना दुहेरी काचांच्या खिडक्या असल्याशिवाय बांधकामाचा नकाशा मंजूर करू नये. म्हणजे तो खर्च विकासकाच्या हिशेबात पहिल्याच दिवशी येईल, ताबा घेतल्यावर खिडक्या बदलत बसणाऱ्या कर्जदाराच्या नव्हे.