कुंडीतला पुदिना उपाशी का?

स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला पुदिना पिवळा पडला, की आपण खत वाढवतो, पाणी वाढवतो. जास्त पाण्याने मुळं कुजतात, रोप मान टाकतं. खरं तर ते उपाशी असतं, आणि खत हे त्याचं जेवण नव्हेच.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट यांनी सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून घेतली आणि त्यात विलोचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७६ किलोंचं झालं. माती जेमतेम ५७ ग्रॅम घटली. झाड निव्वळ पाण्याचंच बनलं, असं त्यांना वाटलं. हवा त्यांच्या हिशेबातून सुटली होती.

पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, मुळं पाणी पोहोचवतात. पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषतं. त्या ऊर्जेवर पान दोन्हींची साखर बनवतं, ऑक्सिजन बाहेर सोडतं. या साखरेतूनच खोड, फुलं, फळं घडतात. खतातले क्षारही हवेत, पण आपल्या जेवणातल्या मिठाइतके.

म्हणून कुंडी आजच खिडकीत हलवा. उन्हाशिवाय पानाची चूल पेटत नाही. आणि दस्तरख्वानावरचा आपला प्रत्येक घास आधी त्याच चुलीवर तयार झालेला असतो.